पार्कातलं कोकण

परवाची गंमत सांगते. आमचे हे मुंबईत नोकरीला. तिथल्या एका अम्युझमेंट पार्कात नवीन ‘कोकणी गाव’ उघडलंय, ते बघायला गेले आणि मला इकडे गावी, दाभोळला व्हिडिओ कॉल लावला. मागे बायका होडीत बसून फोटो काढत ओरडत होत्या, "अय्या, अगदी खरं गाव वाटतंय!"

मी म्हटलं, "अवो, माड प्लास्टिकचे दिसतायत!"

"असूंदे," म्हणाले आणि तिथल्या खोट्या घराच्या ओटीवर बसले. हातानं ओटी चाचपत राहिले.

"काय झालं?"

"काय नाय गो. इथे बसलं की वाटतं, आतून तू हाक मारशील."

मला हसू आलं. गमतीनं मोठ्यानं हाक मारली, "अवो, जेवायला या!"

मी त्यांच्या हातातल्या फोनात दिसत होते. तरी त्यांनी वळून त्या खोट्या घराच्या दाराकडेच बघितलं.