मिळाली त्या स्थितीत

वकील : थांबा, सर. माझा प्रश्न काय होता?

तज्ज्ञ : पिन का तुटली.

वकील : आणि तुम्ही किती वेळ बोललात?

तज्ज्ञ : घड्याळ नाही पाहिलं.

वकील : मी पाहिलं. साडेचार मिनिटं. आई, तुला काय कळलं?

बाई : पोलादात कार्बन असतो, हे कळलं. आणि साहेबांना खूप येतं, हेही कळलं.

तज्ज्ञ : पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय थेट निष्कर्षावर उडी मारणं बरोबर नाही. माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा मी आधी...

वकील : न्यायाधीशांना तुमच्या विषयात पास व्हायचं नाहीये. त्यांच्यापुढे सोमवारी आणखी तीस प्रकरणं आहेत.

तज्ज्ञ : ठीक. पण एक विचारू का, वकीलबाई? राग मानू नका. तुमच्या मातोश्री इथे कशासाठी बसल्या आहेत?

वकील : हिनं सदतीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. माझ्याकडे साक्षीला येणारा प्रत्येक तज्ज्ञ आधी हिच्यापुढे बसतो. हिला कळलं, तर कोर्टाला कळतं. मागे एक दातांचे डॉक्टर आले होते, ते रडकुंडीला आले.

बाई : रडले नाहीत हो. दोनदा पाणी मागितलं, एवढंच. साहेब, मला आधी सांगा, ही पिन असते कुठे?

तज्ज्ञ : निलंबन व्यवस्थेत. म्हणजे, गोदामातली मालवाहू लिफ्ट असते ना, तिचा पिंजरा ज्या दोरावर लटकतो, तो दोर आणि पिंजरा यांना जोडणारी. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब.

बाई : ती तुटली.

वकील : तुटली, पिंजरा खाली आला, आणि खाली उभा असलेला एक कामगार गेला. आदल्याच आठवड्यात मेकॅनिकनं लिफ्ट तपासून 'ठीक' म्हणून सही केली होती. तो मेकॅनिक माझा अशील. सरकारी पक्ष म्हणतो, भेग त्याला दिसत होती, त्यानं डोळेझाक केली. हे कोर्टानं मानलं, तर तो काही वर्षं आत जाईल.

बाई : वय काय त्याचं?

वकील : एकोणतीस. आता सर, पुन्हा. पिन का तुटली?

तज्ज्ञ : आवर्ती भारामुळे भेगेचा क्रमशः विस्तार होऊन...

बाई : आवर्ती म्हणजे?

तज्ज्ञ : पुन्हा पुन्हा येणारा.

बाई : मग पुन्हा पुन्हाच म्हणा की. कोण रागावणार आहे?

तज्ज्ञ : बरं. बाई, तुम्ही तार कधी पुढे-मागे वाकवत बसला आहात?

बाई : मी नाही, पण माझ्या वर्गातली पोरं बाकाखाली तेवढंच करायची. आधी काही होत नाही. मग मऊ लागायला लागते. मग कट्.

तज्ज्ञ : अगदी बरोबर! अर्थात तसं पाहिलं तर तारेची गोष्ट आणि पिनेची गोष्ट काटेकोरपणे एकच नाही, कारण तारेमध्ये...

वकील : सर.

तज्ज्ञ : हो. ओझं चढलं-उतरलं की पिन किंचित वाकायची आणि सरळ व्हायची. रोज शंभर वेळा. त्यातून एक बारीक भेग पडली. ती हळूहळू वाढली. उरलेल्या भागाला एक दिवस वजन पेललं नाही.

बाई : हे कळलं.

वकील : बावीस सेकंद. बघा. आता मी सरकारी वकील. आई, तू न्यायाधीश. मध्ये बोलायचं नाही.

बाई : प्रयत्न करते.

(वकील उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहते.)

वकील : साहेब, या पिनेवर मेकॅनिकनं हातोडा मारला असेल का?

तज्ज्ञ : तशी शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

वकील : गेला! माझा मेकॅनिक गेला आत. सर, हातोड्याची खूण होती का तिच्यावर?

तज्ज्ञ : नव्हती.

वकील : मग नाकारता का येत नाही?

तज्ज्ञ : शास्त्रात कुठलीच गोष्ट शंभर टक्के...

बाई : साहेब, या टेबलाखाली मांजर आहे का?

वकील : आई!

तज्ज्ञ : मांजर? नाही. नाहीये.

बाई : नाकारता येतं?

तज्ज्ञ : येतं. आत्ता वाकून पाहिलं मी.

बाई : हातोड्याची खूणही पाहिली होती ना तुम्ही?

तज्ज्ञ : सूक्ष्मदर्शकाखाली. दोन दिवस. नव्हती.

बाई : मग तेच सांगा. पाहिली, नव्हती. शास्त्र काही रुसत नाही.

वकील : न्यायाधीश महाराजांचं झालं असेल, तर मी पुढे विचारते. साहेब, ही भेग किती जुनी होती?

तज्ज्ञ : किमान सहा महिने.

वकील : हे वाक्य मला फार आवडतं. मेकॅनिक कामाला लागला अपघाताच्या चार महिने आधी. कशावरून म्हणता सहा महिने?

तज्ज्ञ : भेगेतल्या गंजावरून. सुरुवातीच्या भागात गंज जाड, काळपट. पुढे लालसर. शेवटचा तुटलेला भाग स्वच्छ.

वकील : उत्तम. पिन तुमच्याकडे आली कशी?

तज्ज्ञ : मोहोरबंद पिशवीत. मोहोर मी स्वतः फोडली.

वकील : आणि मग?

तज्ज्ञ : वजन केलं, लांबी मोजली, धुतली, फोटो काढले.

वकील : शाबास. छोटी उत्तरं. मग... काय म्हणालात?

तज्ज्ञ : वजन, लांबी...

वकील : त्याच्यानंतर.

तज्ज्ञ : धुतली. तेल-ग्रीस असतं ना वर. ते गेल्याशिवाय भिंगाखाली काही दिसत नाही. प्रयोगशाळेत आल्यावर पहिलं काम तेच. सव्वीस वर्षं...

वकील : फोटोंच्या आधी?

तज्ज्ञ : हो.

वकील : गंजासकट?

बाई : सांगा, साहेब.

तज्ज्ञ : ज्या द्रवानं धुतो, त्यात गंज राहत नाही.

वकील : सर, तुमच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, "नमुना मिळाला त्या स्थितीत छायाचित्रे घेण्यात आली."

तज्ज्ञ : ते छापील वाक्य आहे. आमच्या सगळ्याच अहवालांत असतं. नमुन्याचं नाव आणि तारीख तेवढी आम्ही बदलतो.

वकील : खाली सही कुणाची आहे?

तज्ज्ञ : माझी.

बाई : तुम्ही वाचलं नव्हतं ते वाक्य?

तज्ज्ञ : इतक्या वेळा पाहिलंय की वाचायचं राहिलं. पण गंज मी पाहिला होता, बाई. पिशवीतून काढली तेव्हा, या डोळ्यांनी. सहा महिने हा नजरेचा अंदाज आहे. खोटा नाही.

वकील : फोटोत काय दिसतं?

तज्ज्ञ : चकचकीत पिन.

वकील : वा. आणि गंज मोजल्याची काही नोंद?

तज्ज्ञ : नाही. मोजणार होतो. विद्यार्थ्यांच्या परीक्षा चालू होत्या, हात आपोआप...

वकील : ठीक. ठीक आहे. शांतपणे बोलू. सर, तुम्हाला मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? विचारलं तेवढंच सांगायचं. सरकारी वकील नवा आहे. त्याला धातूतलं ओ की ठो कळत नाही. पिन धुतली का, हे त्याला सुचणारही नाही.

बाई : तुला सुचलं नव्हतंच. तू नुसतं 'आणि मग' म्हणालीस.

वकील : आई, तू यात पडू नकोस. मी खोटं बोला म्हणत नाहीये. न विचारलेलं सांगू नका, एवढंच.

तज्ज्ञ : पण अहवाल तर कोर्टात दाखल झालाय. त्यातलं वाक्य न विचारताच बोलतंय.

वकील : हे मात्र तुम्ही एका दमात, सोप्या शब्दांत बोललात!

तज्ज्ञ : मला ते वाक्य दुरुस्त करावं लागेल, वकीलबाई. सहा महिनेही काढावे लागतील. गंज होता एवढं मी म्हणू शकतो. किती जुना, ते नाही म्हणू शकत.

वकील : दोन महिने मी त्या एका वाक्यावर प्रकरण उभं केलंय. भेग आधीची, माणूस नंतरचा. ते काढलं, तर हातात उरतं काय?

बाई : अगं, माझ्याकडे बघून काय विचारतेस? त्यांना विचार.

वकील : सर, काय उरतं?

तज्ज्ञ : भेगेची जागा उरते. धुतल्यानं जागा बदलत नाही. बाई, तुमचं पेन द्याल?

बाई : घ्या. गळतं थोडं, जपून.

तज्ज्ञ : हे पेन म्हणजे पिन. हे टोपण म्हणजे तिच्यावर घट्ट बसवलेली धातूची नळी. भेग इथे होती, टोपणाच्या आत. टोपण लावलेलं असताना पेनाची ही बाजू तुम्हाला दिसते का?

बाई : नाही.

तज्ज्ञ : टॉर्च मारला तर?

बाई : तरी नाही. टोपण काढावं लागेल.

तज्ज्ञ : ते काढायचं तर पिंजरा खाली टेकवायचा, दोर सोडायचा, पिन ठोकून बाहेर काढायची. दिवसभराचं काम आहे. महिन्याच्या तपासणीत ते नसतं. वर्षातून एकदा करतात, आणि तेही लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची माणसं करतात. मेकॅनिकनं महिन्याच्या तपासणीत जे बघायचं, ते सगळं बघितलं असतं, तरी त्याला ही भेग दिसली नसती.

वकील : भेग टोपणाच्या बाहेर आली नव्हती? शेवटी-शेवटी?

तज्ज्ञ : नव्हती. दोन्ही टोकं आतच आहेत. फोटोत स्पष्ट दिसतं. धुतल्यामुळे जास्तच.

वकील : हे तुम्ही आत्तापर्यंत असं का नाही सांगितलंत?

तज्ज्ञ : अहवालात आहे. पान अकरा.

वकील : पान अकरावर मला फक्त आकडे दिसले.

बाई : दोघंही पास आहात, भांडू नका. साहेब, वाक्य दुरुस्त करतात कसं?

वकील : पुरवणी अहवाल. उद्या दाखल करायचा, एक प्रत सरकारी पक्षाला द्यायची. त्यात स्वच्छ लिहायचं, छायाचित्रे नमुना धुतल्यानंतर घेतली आहेत, भेगेच्या वयाबद्दलचं मत मागे घेत आहे. मग सोमवारी सरकारी वकील तासभर यांना सोलून काढणार. सर, तुमच्या सव्वीस वर्षांची पार लक्तरं करेल तो.

तज्ज्ञ : करू दे.

वकील : "तुम्ही निष्काळजी आहात का," असं विचारेल.

तज्ज्ञ : या बाबतीत होतो.

वकील : "मग बाकीच्या अहवालावर तरी विश्वास का ठेवायचा?"

तज्ज्ञ : माझ्यावर ठेवू नका. पिन कोर्टात आहे, नळी कोर्टात आहे. बसवून बघा.

वकील : हं. हे असंच म्हणा. शब्द बदलू नका.

बाई : चहा ठेवू का?

वकील : नको. मला त्या पोराचा विचार पडलाय. उद्या दहाला येतोय तो सह्या करायला. प्रत्येक वेळी मी त्याला सांगत आलेय, भेग सहा महिन्यांची, तू आलास अपघाताच्या चार महिने आधी, निर्धास्त झोप. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

तज्ज्ञ : मी येतो दहाला.

वकील : तुमची गरज नाही, सर. हे माझं काम आहे.

तज्ज्ञ : धुतली मी.

वकील : तो चिडेल.

तज्ज्ञ : चिडेल.

बाई : काय सांगाल त्याला? मला सांगून बघा आधी.

तज्ज्ञ : सांगेन, पिन तुझ्यामुळे तुटली नाही. भेग आत होती, तुला दिसणं शक्य नव्हतं, आणि हे मी सोमवारी कोर्टात सांगणार आहे. पण ती तू यायच्या आधीची होती, हे आता मला दाखवता येत नाही. त्याचा पुरावा तिच्यावरच होता. तो माझ्या हातून धुतला गेला.

बाई : "माझ्या हातून धुतला गेला" नको.

तज्ज्ञ : तो मी धुतला.

बाई : हं.

तज्ज्ञ : कळेल त्याला?

बाई : कळेल. सांगून झालं की लगेच उठून जाऊ नका. बसा त्याच्याजवळ थोडा वेळ.