लिडियानने तोंड का फिरवले

जबाब देणार : सलोमा पीटरशाइम, वय ३६, अविवाहित. धंदा : घरची शेती, दूधदुभते, तसेच मंगळवारी व गुरुवारी घरी पर्यटकांना जेवण वाढणे. राहणार : वडिलांच्या शेतावर, मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीच्या टोकाला, लँकेस्टर जिल्हा, पेनसिल्व्हानिया. दिनांक २३ ऑगस्ट २०२३, सकाळी साडेदहा.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यावर आले आहे. आम्ही वीज-मोटार न वापरणारे, जुन्या रीतीचे ख्रिस्ती; आमच्यात शपथ घेत नाहीत, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, म्हणून शपथेशिवाय सांगते ते असे.

मयत लिडियान पीटरशाइम ही माझी सख्खी धाकटी बहीण. वय १९. ती झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आई आजारी असायची, त्यामुळे तिला बरीचशी मीच वाढवली आणि शिस्तही मीच लावली. येत्या शरदात तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता; आमच्यात तो मोठेपणी, आपल्या मर्जीने घेतात. त्याची शिकवणी चालू होती.

गुरुवार, १७ ऑगस्ट रोजी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे आठ पर्यटक जेवायला होते. त्यांत श्रीमती कॅरल व्हिटेकर, निवृत्त शिक्षिका, व त्यांचे यजमान होते. जेवण नेहमीचेच : कोंबडी, कुस्करलेले बटाटे, लोणचे, काकवीचा केक. प्रश्नही नेहमीचेच. व्हिटेकरबाईंनी विचारले, "टीव्ही नाही, मग संध्याकाळी तुम्ही बघता तरी काय?" लिडियान म्हणाली, "तुम्हाला बघतो की! दर मंगळवारी आणि गुरुवारी नवीन." सगळे हसले. मी तिला डोळे वटारून दाखवले. आलेल्या माणसाची चेष्टा करू नये हे मी तिला शंभरदा सांगितले असेल.

जेवणानंतर बाईंनी तिचा फोटो काढू का असे विचारले. मी म्हणाले, "माणसांचे नको. गाईंचे काढा, त्यांची हरकत नसते." लिडियान म्हणाली, "त्यांना आवडतंसुद्धा, मान वळवून बघतात." बाईंनी गाईंचे फोटो काढले. निघताना त्यांनी लिडियानला जवळ घेतले. बाई बोलघेवड्या आहेत, वाईट नाहीत.

शुक्रवार, १८ ऑगस्ट. सकाळी सव्वानऊला मी व लिडियान बग्गीने घरून निघालो. तिच्या बाप्तिस्म्याच्या पोशाखाला काळे कापड आणायचे होते. लगाम तिच्या हातात, ती उजव्या बाजूला, मी डाव्या बाजूला. ऊन स्वच्छ होते.

गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथल्या 'थांबा'च्या पाटीशी आम्ही थांबलो. पुरते थांबलो. आम्हाला डावीकडे वळायचे होते. तिने डावीकडे बघितले, रस्ता मोकळा होता. मग उजवीकडे बघायला मान वळवली तर पलीकडे बऱ्याच अंतरावर व्हिटेकरबाई उभ्या होत्या. त्यांची गाडी नीट कडेला लावलेली होती, आम्हाला आड येत नव्हती. बाईंनी "लिडियान!" अशी हाक मारली व हात हलवला. दुसऱ्या हातात कॅमेरा होता.

आमच्यात माणसाने आपली छबी काढून घेणे हा गर्व मानतात, म्हणून कॅमेरा दिसला तर तोंड फिरवायचे, नाहीतर टोपी पुढे ओढून मान खाली घालायची. लहानपणापासून तसेच करतो. विचार करावा लागत नाही.

लिडियानने हात वर केला होता. मी आमच्या बोलीत म्हणाले, "कॅमेरा आहे. तोंड फिरव."

ती म्हणाली, "अगं ताई, कालच आपल्याकडे जेवल्यात त्या. हात तरी हलवू दे."

मी म्हणाले, "जेवल्या म्हणून काय झालं? शिकवणी कशाला चाललीय तुझी? फिरव तोंड."

ती म्हणाली, "बरं बाई, हे बघ फिरवलं." आणि पुरती माझ्याकडे वळून बसली. हसत होती. मी माझीही टोपी पुढे ओढली व मान खाली घातली. त्यामुळे उजवीकडे कोणीच बघत नव्हते.

ती वळली तेव्हा लगाम सैल झाला असणार. आमच्या घोड्याला थांबल्यानंतर लगाम सैल झाला की निघायचे एवढेच माहीत. तो निघाला. बुजला नाही, उधळला नाही, रोजच्यासारखा चालत निघाला. ट्रक उजवीकडून आला. मला आवाज आठवतो, ट्रक आठवत नाही. मी गवतात पडले होते. मनगट मोडले आहे. घोड्याला तिथेच संपवावे लागले. लिडियान दवाखान्यात पोचण्याआधी गेली, असे मला दुपारी सांगण्यात आले.

सोमवारी दफन झाले. तिला आमच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या कपड्यांत ठेवले. कपडे मी एका हाताने शिवले, टाके वाकडे आले. मला अजून रडू आलेले नाही. पाच दिवस मी एका हाताने दूध काढते, भांडी घासते, आणि काय करते आहे ते मला कळत नाही.

कॅमेऱ्यामुळे घोडा बुजला असे ट्रकचालकाने सांगितले असून व्हिटेकरबाईंवर गुन्हा नोंदवणार, असे अधिकारी ब्रेनन यांनी शनिवारी घरी येऊन वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, "आमची तक्रार नाही. आम्ही त्या बाईंना क्षमा केली आहे." मी तेव्हा चुलीपाशी उभी होते.

व्हिटेकरबाई दफनाला आल्या. धान्याच्या कोठारापाशी लांबच उभ्या राहिल्या होत्या. वडील गेले आणि हात धरून त्यांना आत घेऊन आले. आईने त्यांना स्वतःशेजारी जेवायला बसवले. मग सगळे रांगेने त्यांच्यापाशी गेले व प्रत्येकाने क्षमा केल्याचे सांगितले. शंभर तरी माणसे असतील. बाई म्हणत होत्या, "मी हाक मारली नसती तर! मी नुसती हाक मारली नसती तर!" वडील मला म्हणाले, "सलोमा, तूही जा."

मी गेले. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डावा दिला. म्हणाले, "मी तुम्हाला क्षमा केली." बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझे आभार मानले.

अधिकाऱ्यांनी विचारले की हे इतके दिवस का सांगितले नाही. उत्तर : लाज वाटली. घरी अजून कोणाला माहीत नाही. आज घरी गेल्यावर सांगणार आहे. वडील मलाही क्षमा करतील, संध्याकाळच्या आतच करतील. ते कसे सोसायचे ते मला माहीत नाही.

व्हिटेकरबाईंची चूक नाही. त्यांना तसे कळवावे. घरच्यांना मीच सांगेन, ठाण्यावरून कोणी येऊ नये.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एका जागी "मयताने आपण होऊन तोंड फिरवले" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून "बहिणीने सांगितले म्हणून फिरवले" असे लिहून घेतले आहे. बाकी सांगितले तसेच आहे. सही डाव्या हाताने केली आहे.

सलोमा पीटरशाइम