'नाही'वरची खूण

— नाही हो सिस्टर, सही माझीच आहे, खुणा माझ्या नाहीत. त्या दिवशी मी चष्मा विसरले होते ना, म्हणून फॉर्म जाऊबाईंनी भरला. वय बेचाळीस, मुलं दोन — सगळं बरोबर. 'धूम्रपान' वाचलं आणि हसल्याच त्या. 'हिला कसलं आलंय,' म्हणाल्या आणि 'नाही'वर खूण करून मोकळ्या झाल्या. त्यांच्यादेखत मी काय बोलणार? सही केली. ओढते मी. दिवसाला आठ — दहा म्हणा, खोटं खोडायलाच तर आलेय. लाँड्रीत इस्त्रीवर असते मी, दिवसभर उभी. मागच्या जिन्यात पाच मिनिटं मिळतात, तेवढीच काय ती माझी. घरी कुणाला माहीत नाही.

डॉक्टरबाईंची काय चूक, त्यांनी फॉर्म बघूनच गोळ्या दिल्या. आणि सांगू का — पाळीत मी पहिल्यांदा सरळ उभी राहिले. वीस वर्षं पहिले दोन दिवस गरम कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून काम केलंय. आता तीन महिने झाले, दुखणं नाही. तिसरं राहायची भीती गेली ती वेगळीच. मग परवा चष्मा लावून पाकिटातला कागद वाचला — पस्तिशीपुढच्या, सिगारेट ओढणाऱ्या बाईने घेऊ नये. मग काय? घेतली. आज सकाळीही घेतली. दुखणं परत येईल म्हणून घेतली, दुसरं काय.

तांबी? तिने दुखणं वाढेल म्हणता — मग नको. आणि ती दुसरी, औषधाची? आत बसवायची, रक्तही कमी, दुखणंही कमी, सिगारेट ओढली तरी चालते? बसवा की मग. फक्त ते 'नाही' आज खोडू नका. गोळ्या न्यायला जाऊबाई येतात, फॉर्म तुम्ही त्यांच्याच हातात देता.

आणखी काय? काही नाही. पोटरी तेवढी दुखतेय परवापासून, उभं राहून. एकच, डावी. सुजलीय थोडी, गरम लागते — इस्त्रीजवळ असते ना मी. पाकिटातल्या कागदावर पायात रक्ताची गुठळी होण्याचंही काहीतरी होतं, पण अक्षर इतकं बारीक — वाचलं मी. वाचलं होतं.

पेन का ठेवलंत? डॉक्टरबाईंना कशाला, केवढी गर्दी आहे बाहेर — बरं. बसले. नाही चोळत. घरचं कुणी? नंबर फॉर्मवर आहे ना, खाली. जाऊबाईंचाच आहे, त्यांनीच लिहिलाय.

लावा. काय विचारतील ते सांगून टाका त्यांना.