टिकलेली माणसं

केंद्रप्रमुख : ...हॉटेलं, गोदामं, बांधकामं, सगळीकडे माणसं कामाला लावून बघितली, मॅडम. दोन महिन्यांत निम्मी गायब. ही लाँड्री मात्र सोनं आहे. एकोणचाळीस लावली, वर्षानंतरही एकोणचाळीसच!

पाहुणी : म्हणून तर इतक्या लांब आले. आमच्या प्रांतात शंभरातले चाळीससुद्धा वर्षभर टिकत नाहीत.

केंद्रप्रमुख : मागच्या खेपेला तुमचेच साहेब आम्हाला तपासून गेले. ‘अनुकरणीय’ असा शेरा मारला.

पाहुणी : त्या शेऱ्यावरच आम्ही याच मालकाच्या तिकडच्या नव्या लाँड्रीशी करार केला. सही माझीच. आता एका कामगाराशी बोलते आणि फॉर्म भरते.

केंद्रप्रमुख : बाई, या आत. घाबरू नका. मालकांची नवी लाँड्री आहे ना, तिथल्या प्रांतात या मॅडम आमच्यासारखंच रोजगार केंद्र चालवतात. त्या आम्हाला तपासणार, पुढच्या महिन्यात मी त्यांना तपासणार. त्यामुळे वाभाडे काढताना दोघंही जरा जपून!

पाहुणी : साहेब, नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर.

केंद्रप्रमुख : अहो, निघालोच. चहा सांगतो.

(दार लागतं.)

पाहुणी : बसा. काम काय असतं?

कामगार : दवाखान्यांच्या चादरी. ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सरकवायच्या. चौदा महिने झाले.

पाहुणी : कामाला पाचपैकी किती गुण द्याल?

कामगार : पाच लिहा.

पाहुणी : इतक्या पटकन?

कामगार : मुकादमानं पाचच सांगितलेत.

पाहुणी : ...हात पदराखाली का? बघू.

कामगार : रोलरचं आहे. भरत आलंय.

पाहुणी : भरत कसलं आलंय, चिघळलाय. डॉक्टरला दाखवला नाहीत?

कामगार : तिथे ओळखपत्र मागतात. ते मालकाच्या कपाटात. सगळ्यांचीच.

पाहुणी : सगळ्यांची?

कामगार : एक जण पळाला होता. आठ दिवसांनी रस्त्यावर पोलिसांनी अडवला. कागद नाही म्हणून परत लाँड्रीतच आणून सोडला. तुमच्या यादीत तोही टिकलेला असेल.

पाहुणी : केंद्रातून दर महिन्याला फोन येतो ना? तेव्हा का नाही सांगितलं?

कामगार : मुकादमाच्या मोबाइलवर येतो. स्पीकर लावून धरतो तो.

पाहुणी : हे सगळं मी लिहिणार.

कामगार : लिहा नाहीतर नका लिहू. माझं एक काम करा, ताई. तुमच्या त्या नव्या लाँड्रीच्या यादीत माझी धाकटी बहीण आहे. तिचं नाव काढा. डाव्या कानानं कमी ऐकते बघा.

पाहुणी : शिवण शिकलेली? मला म्हणाली, इकडून बोला.

कामगार : तीच! मीच तिला फोनवर ये म्हणाले. मुकादम शेजारी उभा होता. छान आहे सगळं, म्हणाले. वाटलं, आवाजावरून ओळखेल. पण तिला शब्दच जेमतेम पोचतात, आवाज कुठला कळायला? ...काढाल ना नाव?

पाहुणी : सोमवारी रुजू झाली ती.

कामगार : ओळखपत्र?

पाहुणी : नोंदणीला हवीत म्हणाले. मी सगळ्यांची गोळा केली, रबर लावलं आणि लाँड्रीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली.

(केंद्रप्रमुख चहा घेऊन येतात.)

केंद्रप्रमुख : झालं का? की अजून गप्पाच?

पाहुणी : साहेब, मालक ओळखपत्रं अडकवून ठेवतो. तुम्हाला माहीत होतं?

केंद्रप्रमुख : अहो, हरवतात म्हणून ठेवतो. आणि हे लिहायचं म्हणता? मग तुमच्याकडे येऊन मी काय लिहू? तिथे तर सही तुमची.

पाहुणी : हेच लिहा. सहीसकट.

केंद्रप्रमुख : लिहाल हो. पण ते वाचलं जाणार दोन्ही प्रांतांच्या बैठकीत, सहा महिन्यांनी. तोवर या बाई लाँड्रीतच. आज बोलावलं होतं एकीलाच. कोण बोललं, हे मुकादमाला सांगायला ज्योतिषी लागणार नाही.

पाहुणी : बाई, तुम्ही आज परत जाऊच नका.

कामगार : कागदाशिवाय कुठे जाऊ? तुमच्या खोलीत किती दिवस लपवाल? आधी तिला काढा. मग लिहा, माझं नाव घालून लिहा.

केंद्रप्रमुख : मुकादम खाली गाडीत थांबलाय. पाळी चारची आहे.

पाहुणी : मी आजच निघते. उद्या सकाळी तिकडच्या फाटकावर असेन. नोंदणीत चूक झाली म्हणेन, ओळखपत्र आणि मुलगी दोन्ही समोर मागेन. करार माझा आहे, नाही कसं म्हणतील?

कामगार : ती यायची नाही. मी बोलावलंय ना तिला.

पाहुणी : मग काय सांगू?

कामगार : बहीण खोटं बोलली म्हणून सांगा. चिडेल. चिडू दे.