परत आणलेलं पिठलं

आम्ही मूळचे कुठले विचाराल तर मलाच नीट ठाऊक नाही बघा, पणजोबा कापडाचं गाठोडं घेऊन इकडं आले म्हणे, तेव्हापासून बंगळुरातल्या बसवनगुडीचेच आम्ही. दाराबाहेर कानडी, घरात मराठी, आणि त्या मराठीतसुद्धा स्वल्प कानडी मिसळलेलीच. आणि मला खोड एकच, विचारायची. कोण आलं, का आलं, काय जेवलं. आमचे हे म्हणायचे, शांता, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

तर हे नव्वदनंतरचं, मोबाइल नव्हते अजून, यशवंतपूरच्या अलीकडं रेल्वे घसरली. खूप माणसं गेली. जखमी कुठल्या कुठल्या इस्पितळांत विखुरलेले, कितीकांना शुद्ध नाही, नाव कोण सांगणार. नातेवाईक आले, त्यांना आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या हॉलमध्ये उतरवलं, आधीच्या लग्नाचे केळीचे खांब दाराला तसेच. सांगली-मिरजेकडची माणसं, कानडी कळेना, म्हणून आम्हाला बोलावलं, अक्का, नुसतं बोलायला तरी या.

हात हलवत कसं जायचं? आपल्या मराठी माणसांना काय आवडेल, तर पिठलं. आमच्याकडं पिठलं म्हणजे तिकडची आठवण, सणासारखं करतो आम्ही. मोठं पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन गेले, तर कोणी ताट पुढं करेना. सुमन म्हणून एक होती, मांडीवर तान्ही पोर, नवरा सापडला नव्हता तिचा, ती भिंतीकडं तोंड करून बसली. माझं आपलं सुरू, का हो, काय झालं, पिठलं खात नाही का तुम्ही? तिचे सासरे होते, शांतपणे म्हणाले, बाई, खातो की रोज, पण दुसऱ्याच्या घरून असं पातेल्यातून येतं ते मयताच्या घरी, तिथं चूल पेटवत नाहीत म्हणून. माझा पोरगा अजून गेलेला नाही.

काय सांगू तुम्हाला. तसंच पातेलं उचलून घरी आणलं, उप्पिट करून नेलं. बाकीच्यांनी खाल्लं, सुमननं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसले. सगळे तिला खुणा विचारायचे, उंची किती, शर्ट कसला, तीळ कुठं. मला वेगळंच कुतूहल, हा माणूस इकडं यायचा कशाला? गुळाच्या व्यवहाराला, यशवंतपूरच्या बाजारात, दर महिन्याला येतात, म्हणाली. मग घरी जाऊन काय सांगतो आमच्या गावाबद्दल? तशी ती वळली. म्हणाली, सांगतात की इथं देवळात हत्तीहून मोठा नंदी आहे आणि त्याच्यापुढं शेंगांची जत्रा भरते. नुसत्या शेंगांची जत्रा, असं असतं होय? म्हटलं, इथंच तर आहे, चल, बघ तूच. सासरे म्हणाले, जा पोरी, इस्पितळांचं मी बघतो.

पोरीला मी कडेवर घेतलं, चालतच गेलो. नंदीपुढं ती कितीतरी वेळ उभी. मला वाटायचं थापा मारतात, म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. बाहेर गाडीवर भाजलेल्या शेंगा घेतल्या, तेवढ्या खाल्ल्या तिनं. आल्यापासून पहिल्यांदा पोटात काही गेलं.

परत आलो तर सासरे पायरीवर, केळीच्या खांबाला टेकलेले. शवागारात ओळखलं होतं त्यांनी मुलाला. उठून त्यांनी पोरीला माझ्या कडेवरून घेतलं, तेवढ्यावरून सुमनला कळलं. इथंच अंत्यविधी केले. माणसं स्मशानातून आली तेव्हा सुमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, अक्का, आता आणा ते पिठलं.

केलं. पातेलंभर केलं आणि नेलं.

सुमन गावीच असते. तीच तान्ही पोर आता इथंच इंदिरानगरला कंप्युटरच्या ऑफिसात आहे बघा, रविवारी येते माझ्याकडं. ती यायची असली की मी पिठलं करत नाही. मागच्या आठवड्यात न सांगता आली, कढईत पिठलं, मी पटकन झाकण टाकलं. तिनं उचललं, वास घेतला, म्हणाली, आज्जी, लपवतेस काय माझ्यापासून, आणि मागून मागून जेवली. सगळ्यांना सगळं विचारणारी मी, तिला मात्र काही सांगितलं नाही. जेवू दे पोटभर. सुखात राहो.