मांजराने सांडलेली वाटी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय लताबाई, प्रमुख पाहुण्या राजकुंवरबाई, ज्यांना निरोप द्यायला जीव होत नाही त्या आपल्या प्रसूतिगृहाच्या नर्स झुंबरबाई, समोर बसलेल्या माझ्या भगिनींनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या पुरुषमंडळींनो,

तुम्ही दाराशीच आहात ते बरं झालं. माझं बोलणं दुधाचं आहे, आणि ते म्हशीचं नव्हे. कुणाला अवघडल्यासारखं होत असेल तर त्यांनी खुशाल पान खाऊन यावं.

आत्ताच राजकुंवरबाईंनी मांजराची गोष्ट सांगितली. मांजराने दुधाची वाटी सांडली आणि त्यांना पुन्हा दूध काढत बसावं लागलं, ती. तुम्ही सगळ्या पोट धरून हसलात. त्या सांगतातच छान. त्यांचं सगळंच छान. झुंबरबाईंना आज लुगडं त्यांनी दिलं, हार त्यांचा मोठा, झुंबरबाईंच्या शेजारची खुर्चीही त्यांचीच. मी जळते असं कुणी म्हणेल. म्हणू दे. जळतेच मी. दहा वर्षं जळते आहे, आणि का ते आज सांगणार आहे, कारण झुंबरबाई उद्या पहूरला भावाकडे कायमच्या निघाल्या.

सन एकोणीसशे एकोणपन्नास. माझे यजमान इथेच देवपुरात शाळामास्तर, माझं माहेर सावद्याचं. माझी आधीची दोन मुलं गेलेली. तिसरा ह्याच प्रसूतिगृहात आठव्या महिन्यातच झाला, वीतभर. माझ्या आईने त्याला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. आमच्याकडे समजूत अशी, की असलं नाव ठेवलं की यम ढुंकून बघत नाही. पण सुपडूच्या अंगात ओढून पिण्याची ताकद कुठली? दूध काढायचं आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायचं, एवढाच उपाय.

झुंबरबाईंनी काचेचा पंप आणून दिला. एका अंगाला भोंगा, दुसऱ्या अंगाला रबरी फुगा. फुगा दाबला की जीव कळवळायचा, आणि अर्ध्या तासाने बघावं तर काचेचा नुसता तळ ओला. दूध नव्हतं का? छाती दगडासारखी भरली होती! पान्हाच फुटत नव्हता. झुंबरबाई गरम पाण्याचा फडका ठेवायच्या, हलक्या हाताने चोळायच्या, सुपडूचं टोपडं माझ्या हातात द्यायच्या. "मास्तरीणबाई, काचेकडे नका बघू हो, लेकराकडे बघा," म्हणायच्या. आई अळिवाची खीर घेऊन यायची आणि म्हणायची, "नवखं मानूस पुढे असलं का गाय पान्हा चोरते. तुले कोनाचा धाक पडला वं?"

धाक कुणाचा नव्हता. माझा डोळा शेजारच्या खाटेवर होता.

शेजारच्या खाटेवर ह्या राजकुंवरबाई. पहिलटकरीण, घरी कापडाची पेढी, लेक धडधाकट. लेक पिऊन झोपली की ह्या पंप घ्यायच्या आणि बोलता बोलता चांदीची वाटी भरायची. वर फेससुद्धा! आणि मला म्हणायच्या काय, "बाई, माझं तर नुसतं वाया जातं." सांगा भगिनींनो, मी काय करायचं होतं? हसून मान डोलवायची? ती वाटी त्या आपल्या सासूच्या नकळत माझ्या सुपडूसाठी द्यायच्या. मी आभार मानायची आणि तोंड भिंतीकडे करायची. माझं पोर त्यांच्या दुधावर जगत होतं, आणि मला ते सोसत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी सुपडूने त्या दुधाला मिटक्या मारल्या. झालं, माझं डोकंच फिरलं. दुपारी झुंबरबाई भरलेली वाटी माझ्या उशाशी झाकून ठेवून बोळे उकळायला गेल्या. मी उठले आणि वाटी मोरीत उपडी केली.

होय. मांजर नव्हतं. मांजराला एवढा मत्सर कुठून येणार?

तेवढ्यात सुपडू जागा झाला. त्याला रडायला आवाज नव्हता, तो नुसतं तोंड वासायचा. ते वासलेलं तोंड बघितलं आणि मी काय करून बसले ते मला कळलं. झुंबरबाई आल्या. त्यांनी वाटी बघितली, मोरी बघितली, माझ्याकडे बघितलं. आणि मोठ्याने म्हणाल्या, "मेलं मांजर! सगळं सांडलं की हो!" राजकुंवरबाई एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. पुन्हा पंप घेऊन बसल्या. आता त्यांचंही येईना, दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात त्यांची लेक भुकेने टाहो फोडायला लागली. झुंबरबाईंनी ती लेक उचलून माझ्या मांडीवर टाकली. "धरा हिला जरा."

ती पोर माझ्या पदराला झोंबली. मी शरमेने मेले होते, काचेकडे बघायचं भान कुणाला? आणि छातीत अशी कळ आली, मुंग्या आल्या, चोळी भिजली. एकीकडे ती पोर पीत होती, दुसरीकडे झुंबरबाईंनी पंप लावला, आणि काचेत धार वाजली. त्या दुपारी सुपडू माझं दूध प्यायला. आज तो चौथीत आहे, तिथे खिडकीत बसून पेढे खातो आहे.

तेव्हा राजकुंवरबाई हसून म्हणाल्या होत्या, "पिऊ द्या तिला. फिटंफाट झाली." तेच मला दहा वर्षं टोचतं आहे. मी काय केलं ते ठाऊक नसताना तुम्ही फिटंफाट केलीत, आणि दर समारंभात त्या बिचाऱ्या मांजराला शिव्या खायला घातल्यात. झुंबरबाई, तुम्ही मात्र एका शब्दाने कुठे बोलला नाहीत, मला एकटीलासुद्धा. तुमचे आभार मानायला माझ्याजवळ लुगडं नाही. एवढं खरं बोलणं आहे, ते घेऊन पहूरला जा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, सभेने ऐकून घेतलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. त्या वाटीची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही.

राजकुंवरबाई, ती तुमच्याकडे मागते. डोळे पुसा आधी. आणि द्यायची असेल तर जरा सरका, मलाही झुंबरबाईंच्या शेजारी बसायचं आहे.