एका माणसाचं सेटिंग

नाही नाही, तिच्यावर नका बसू, ती विकायची नाहीये – विकायचीये ती खिडकीखालची, मोठी. ह्यांनी फोनवर सांगितलं नाही का? चार मोटरसायकली आहेत ना, गोंधळ होणारच. हे ऑफिसात, दाखवायचं काम माझ्याकडे. सकाळी पाठच करून घेतलंय माझ्याकडून – एकाच हातात चाललेली, टायर नवे, कधी पडलेली नाही, घासाघीस नको. झालं, म्हणून दाखवलं! आता बघा निवांत. पायाखाली जपून हं दादा, तेल सांडलेलं असतं.

काय? चार कशाला? अहो, मीही हेच विचारलं होतं! ऐका. ही लाल, ऑफिसला आणि बाजारात जायला. ती उंच, चिखलाने माखलेली, ती रानातल्या दगडधोंड्यांच्या वाटांची – डांबरावर नेली की टायरची वाट लागते म्हणे. कव्हरखाली नव्या नवरीसारखी झाकलेली आहे ना, ती शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, वर्षातून दोनदा, गोल गोल फिरवायला. गोल गोल हं, पोचायचं कुठेच नाही! आणि ही तुमची, लांबच्या प्रवासाची. प्रत्येकीचं तेल वेगळं, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं – हसू नका, ती बघा, खिळ्यांवर चार फडकी. एकदा मी चुकून लालचं फडकं मोठीवर फिरवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून गाड्यांना मी हात लावायचा नाही. ही अख्खी खोली गाड्यांची, कपडे वाळत घालायला मला घरात जागा नाही, मी आपली स्वयंपाकघरात दोरी बांधते. असो. चालायचंच.

दोघं जाणार? तुम्ही आणि बायको? अगं बाई. मग दादा, एक खरं सांगते, ह्यांना मात्र बोलू नका. ही दोघांची गाडी नाही. सीट दिसते ऐसपैस, पण मागच्या स्प्रिंगचं सेटिंग एका माणसाचं आहे. ते बदलायचं म्हणजे गॅरेजला न्या, अर्धा दिवस मोडा. न बदलता मागे कुणी बसलं तर वळणावर गाडी आडवी. मला कसं माहीत? मला नाही तर कुणाला माहीत असणार हो!

पाच वर्षं झाली. ही गाडी घरात येऊन आठ दिवस झाले होते, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. दुपारी वहिनीचा फोन – ताई, असाल तशा निघा, बाबा तुमचं नाव घेतायत. माझे वडील. दीड तासाचा रस्ता, हे घरीच होते. मी चपला घालून इथे, ह्या दारात. तर लाल गाडीची बॅटरी चार्जिंगला काढलेली. उंच गाडीला मागे सीटच नाही. झाकलेलीला नंबरप्लेट नाही. राहिली ही. म्हटलं, चला हिच्यावर. तर हे तिच्याकडे बघत उभे, आणि म्हणतात काय – अगं, हिचं सेटिंग एकाचं आहे, तुला मागे घेतलं तर दोघंही रस्त्यावर पडू. चार गाड्या, दादा! चार! आणि मी चौकात टॅक्सी शोधत उभी. मिळेना, शेवटी बसने गेले, दोन बस बदलून. हे हिच्यावर एकटे निघाले आणि माझ्या आधी पोचले. चांगले तासभर आधी. बाबांनी विचारलं म्हणे ह्यांना, ती कुठाय? तर हे म्हणाले, येतेय, बसने येतेय. मी पोचले तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

माझा भाऊ नको नको ते बोलला ह्यांना, सगळ्यांसमोर. तर मीच उलटले भावावर! म्हटलं, तुला गाड्यांतलं कळतं का काही? यंत्र आहे ते, त्यांनी काय करायचं? तेव्हापासून सख्ख्या भावाशी बोलणं नाही. राग येत नाही असं नाही हो, येतो. चारही गाड्यांवर रॉकेल ओतावं असं वाटतं. पण गाड्यांवर. ह्यांच्यावर नाही. ह्यांचा इलाज नव्हता – हे एवढं एक मी घट्ट धरून ठेवलंय, नाहीतर एका घरात राहायचं कसं?

काय म्हणालात? कुठला खटका? थांबा, चष्मा लावते. हा? सीटखालचा, काळा, गोल? ह्याच्यावर चित्रं आहेत की – एक हेल्मेट… आणि दोन हेल्मेटं. मग? फिरवायचा? पाना आणू का, पाने त्या डब्यात – हाताने? नुसत्या हाताने? फिरवा बरं. झालं दोघांचं? एवढ्यात? नाही, थट्टा करताय माझी. परत एकाचं करा. आता सरका, मला फिरवू द्या.

फिरतोय की. लहान पोरसुद्धा फिरवेल हो हा.

दादा, हा नंतर बसवून घेतला असेल ना ह्यांनी? मागाहून, गॅरेजात? – असाच येतो? नवीन गाडीलाच? पहिल्या दिवसापासून?

नाही, मी बरी आहे. पाणी नको. हात काळे झालेत, एवढंच. किमतीचं मला काही विचारू नका, गाडी चांगली आहे, तुमच्या बायकोला बसवा मागे, खुशाल बसवा, पण आज जा तुम्ही. अहो जा ना! ह्यांचा फोन आला तर सांगा, बाई गाडी दाखवायच्या मनःस्थितीत नव्हत्या. नाहीतर काहीच सांगू नका, माझं मी सांगेन संध्याकाळी. आधी मला भावाला फोन करायचाय. आणि जाताना फाटक ओढून घ्या.